शिकवलं कुणी, नेलं कुणी?





सध्या घराघरांत एक बोलणं चालू असतं. मुलीचं बीएस्सी नर्सिंग झालंय, आता ती जर्मनच्या क्लासला जाते, बी-वन झालं, बी-टू राहिलंय. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे; अमेरिकेचं आता काही खरं नाही म्हणतात, मग जर्मनी बघावी की कॅनडा? हे बोलणं आपण घराच्या बाजूनं करतो. क्लासची फी किती, कर्ज किती, तिकडे हातात किती पडतील, शिल्लक किती राहील. आज मला तेच बोलणं देशांच्या बाजूनं करायचंय. कारण आपली मुलगी देश निवडत असते, तेव्हा देशही तिच्यासाठी एकमेकांशी चढाओढ करत असतात. या चढाओढीत तिचा भाव कोण ठरवतं? ती शिकेपर्यंतचा खर्च कुणी केला? आणि ज्या राज्यानं तिला शिकवलं, त्यानं या व्यवहारात नुसतं निरोप द्यायला उभं राहायचं का?

चढाओढ जुनी आहे. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेला दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. काही आठवड्यांतच ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीनं पॉट्सडॅमहून जाहीरनामा काढला की इकडे या, करात सूट देतो, घर बांधायला मदत करतो, तुमच्या भाषेत प्रार्थना करा. सुमारे वीस हजार माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर विणकामाचं, घड्याळांचं, कातड्याचं कसब गेलं. इंग्लंडनं उलटा मार्ग धरला. १७१९ साली कायदा करून कसबी कारागिरांना परदेशी कामाला नेणं गुन्हा ठरवलं, आणि हे निर्बंध १८२४पर्यंत टिकले. त्यानं काय झालं? १७८९ साली सॅम्युएल स्लेटर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण, सूतगिरणीत उमेदवारी पुरी करून, खरी ओळख लपवून अमेरिकेच्या जहाजात चढला. बरोबर एकही नकाशा नव्हता. यंत्रं डोक्यात होती. पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी पाण्याच्या जोरावर सूतकताई सुरू झाली. माणसं अडवून ठेवण्याच्या धोरणाबद्दल मला एवढंच सांगायचंय. ते अन्यायाचं आहे, आणि ते चालतही नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं की नाही, हा माझ्या दृष्टीनं आजचा प्रश्नच नाही.

आजचा प्रश्न वाटणीचा आहे. तो नीट मांडतो.

आपल्याकडची नर्स जर्मनीत गेली की तिचा पगार कित्येक पटींनी वाढतो. ती एका रात्रीत कित्येक पटींनी हुशार झाली का? नाही. तीच मुलगी, तेच हात, तेच शिक्षण. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की पगारातला मोठा भाग माणसाला चिकटलेला नसतो, तो जागेला चिकटलेला असतो. तिथलं रुग्णालय, तिथला विमा, तिथली यंत्रं, तिथले नियम, तिथल्या रुग्णाची ऐपत यांच्या जोडीला तिचे हात आले की त्या हातांचं मोल वाढतं. म्हणजे माणूस हलला की नवीन संपत्ती तयार होते. कुणाच्या खिशातून ती काढलेली नसते. आधी नव्हती, आता आहे. मी तिला वाढावा म्हणतो. स्थलांतरामुळे कुणीतरी हरायलाच हवं असं मानणारे या वाढाव्याकडे बघत नाहीत.

पण वाढावा तयार झाला, की तो वाटला कसा जातो? वाटेकरी पाच आहेत: ती मुलगी, तिचा मालक, तिला घेणारा देश, तिला शिकवणारा देश आणि मधला एजंट. आणि अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की ज्याच्या हाती दुसरा पर्याय आहे त्याला वाटणीत जास्त मिळतं. ज्याला पर्याय नाही तो मिळेल ते घेतो. देशादेशांतली चढाओढ चांगली का? कारण ती मुलीला पर्याय देते. आणि ती चढाओढ फसवी कधी होते? जेव्हा दार उघडताना मोठ्यानं बोलावतात आणि आत आल्यावर पर्याय काढून घेतात.

याचा सगळ्यात मोठा दाखला जर्मनीचा आहे. तिथे मी जरा थांबणार आहे, कारण आज आपली मुलं तिकडेच निघाली आहेत.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाक्यानं वाढले आणि माणसं कमी पडली. १९५५ साली इटलीशी, १९६१ साली तुर्कस्तानशी आणि पुढे आणखी देशांशी भरतीचे करार झाले. १० सप्टेंबर १९६४ला कलोनच्या डॉइट्स स्थानकावर पोर्तुगालहून आलेल्या आर्मांदो रोद्रिगिश द सा या अडतीस वर्षांच्या सुताराचं वाजतगाजत स्वागत झालं. तो दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. त्याला फुलं दिली, मोपेड भेट दिली, फोटो काढले. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्या माणसाचं पुढे काय झालं? काही वर्षांनी तो आजारी पडला आणि पोर्तुगालला परतला. पोटाचा कर्करोग होता. जर्मनीत साठवलेला पैसा उपचारांत संपला. आपण जर्मनीत विम्याचे हप्ते भरलेत, तिथून आपल्याला मदत मिळण्याचा हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९७९ साली तो गेला. श्रोतेहो, हक्क कागदावर असणं आणि तो सीमेपलीकडे बरोबर नेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोपेड सीमा ओलांडून गेली. विमा गेला नाही.

तुर्की कामगारांच्या करारात सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षं काम करायचं, परत जायचं, दुसरा येईल. ही अट १९६४मध्ये गळली. कुणाच्या आग्रहानं? मालकांच्या. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत पाठवायचा आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, हे त्यांना परवडत नव्हतं. आणि ही माणसं तर साध्या कामाला आणलेली होती! अनुभवानं कामगाराची किंमत वाढते आणि ती मालकाला बरोबर कळते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

नोव्हेंबर १९७३मध्ये तेलाचं संकट आलं आणि भरती एकदम थांबवली. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसं आली होती, त्यातली सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. राहिलेल्यांचं काय करायचं? १९८३ साली कायदा केला: बेकार झालेल्या परदेशी कामगारानं कुटुंबासह कायमचं परत जावं आणि १०,५०० मार्क घ्यावेत. यायला मोपेड आणि जायला मार्क, यांच्यामध्ये एकोणीस वर्षं आहेत. एका माणसाच्या नोकरीच्या आयुष्यापेक्षा ती कमी आहेत.

पुढचा प्रसंग २००० सालचा, आणि तो आपल्याशी जोडलेला आहे. चॅन्सलर श्रोडर यांनी हानोव्हरच्या प्रदर्शनात संगणक तज्ज्ञांसाठी वीस हजार परवान्यांची घोषणा केली. लगेच नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या निवडणुकीत एका मोठ्या नेत्याच्या प्रचारात, भारतीयांना आणण्यापेक्षा आपल्या मुलांना शिकवा, अशा अर्थाची घोषणा गाजली. परवाना पाच वर्षांचा. पुढे कायम राहता येईल याची हमी नाही. त्याच वर्षी अमेरिकेनं एच-वन-बी या कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा वाढवून वर्षाला १ लाख ९५ हजार केली. आपल्या इंजिनियरनं काय निवडावं? त्यानं निवडलं, आणि जर्मनीचे वीस हजार परवानेही पुरते भरले नाहीत. चढाओढ पगारावर हरली नव्हती, ती हक्कांवर हरली होती. तेव्हापासून जर्मनी हा धडा हळूहळू गिरवते आहे. १ मार्च २०२०पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा आला, डिसेंबर २०२२मध्ये भारताशी स्थलांतराचा करार झाला, १ जून २०२४पासून नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर मिळणारं कार्ड सुरू झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा झाली. हा उदारपणा कुठून आला? जर्मनीत युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे. कामाचे हात आहेत तेवढेच ठेवायचे तर दरवर्षी सुमारे चार लाख माणसं बाहेरून यायला हवीत, असा तिथल्या श्रमबाजार संशोधन संस्थेचा हिशेब आहे.

म्हणजे गरज त्यांची आहे. हे वाक्य आपण नीट ऐकलं पाहिजे. गरज त्यांची आहे, आणि तरी आपण याचक होऊन रांगेत उभे राहतो.

आता अमेरिका. तिथे वाटणी कशी होते बघा. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा नियम. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. त्यामुळे आपल्या माणसांची रांग दशकांची झाली. रांगेत उभ्या माणसाला नोकरी बदलायची तर नव्या मालकाला बरेचसे कागद पुन्हा करावे लागतात. नोकरी गेली तर थोड्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अशा माणसाची मालकापुढे पगार मागायची ताकद किती? मुलं एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडण्याचा धोका, ती काळजी वेगळीच. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रत्येक पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं. एच-वन-बीची साधारण कमाल मुदत सहा वर्षांची. भारताचा आणि अमेरिकेचा याबाबत करार नाही. मग सहा वर्षांनी परतणाऱ्याचे पैसे कुणाच्या म्हाताऱ्यांना मिळतात? आपल्या तर नाहीतच.

आणि धोका कुणाच्या डोक्यावर? जुलै २०२३मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी दहा हजार परवाने खुले केले. दोन दिवसांच्या आत ते संपले. शेजाऱ्याची तयार माणसं उघडउघड पळवण्याचा हा प्रयोग होता. त्याच कॅनडानं ऑक्टोबर २०२४मध्ये पुढच्या वर्षीच्या कायम रहिवाशांचं लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. ब्रिटननं फेब्रुवारी २०२२मध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना दार उघडलं आणि जुलै २०२५मध्ये बाहेरच्या नव्या भरतीसाठी ते लावून घेतलं. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. धोरण फिरवायला एका सहीचा वेळ पुरतो. पण नाशिकच्या किंवा लातूरच्या ज्या घरानं शेत गहाण टाकून कर्ज काढलं, त्याचे हप्ते त्या सहीनं थांबत नाहीत. धोरणबदलाचा सगळा धोका या व्यवहारातल्या सगळ्यात गरीब वाटेकऱ्यावर पडतो. हे मला सहन होत नाही, आणि आपल्यालाही होऊ नये.

मग आपण रडायचं का, की आमची माणसं नेली? इथे पुरावा वेगळं सांगतो आणि तो मान्य केला पाहिजे. फिलिपिन्समधून नर्सेस अमेरिकेला गेल्या, त्यावर पाओलो आबारकार आणि कॅरोलाइन थिओहॅराइड्स या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. २०००नंतर व्हिसा वाढले तेव्हा, एक नर्स गेली तर देशात सुमारे नऊ नव्या नर्सेसना परवाना मिळाला. जायला मिळेल या आशेनं पुष्कळ मुली शिकल्या आणि त्यातल्या थोड्याच गेल्या. आपल्या सॉफ्टवेअरचीही हीच कथा असल्याचं गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस या अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय. अमेरिकेच्या आशेनं शिकलेल्या, पण इथेच राहिलेल्या किंवा परत आलेल्या मुलांच्या बळावर इथला उद्योग वाढला. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलेल्यांपैकी कितीजणांनी कधीतरी ते स्वप्न पाहिलं असेल, तुम्हीच सांगा.

पण हा नियम आपोआप चालत नाही. शिकलेल्या आणि राहिलेल्या मुलीला इथे नीट काम मिळालं तरच तो फायदा देशाचा. नर्सेसच्या बाबतीत आपण काय केलं? खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली आणि तिनं सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानंसुद्धा महिन्याला वीस हजारांच्या खाली पगार देऊ नये. ही शिफारस आहे किमान पगाराची! आणि तिची अंमलबजावणी आजही नर्सेसच्या संघटना मागताहेत. मग मुलगी गेली तर दोष जर्मनीचा? ज्या रुग्णालयानं तिला रात्रपाळ्या लावल्या आणि बारा-पंधरा हजारांवर राबवलं, त्याचा काहीच नाही?

आता पैशांकडे. परदेशातली भारतीय माणसं २०२४मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवतील असा जागतिक बँकेचा अंदाज होता. जगात सर्वांत जास्त. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४मध्ये यातला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा होता आणि १९.७ टक्के केरळचा. संयुक्त अरब अमिरातीला मागे टाकून अमेरिका पहिल्या क्रमांकावर गेली, ती २७.७ टक्क्यांवर. म्हणजे पैसा आता मजुरीपेक्षा शिक्षणाच्या मागून येतो आहे. पण हा पैसा घरांत येतो. आईच्या औषधाला, भावाच्या शिक्षणाला, फ्लॅटला. तो योग्यच आहे, तो त्या मुलीचा आहे. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकली, ज्या शासकीय नर्सिंग कॉलेजात ती तयार झाली, तिथे त्यातलं काय पोचतं?

या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईत जन्मलेल्या आणि सिडनहॅम कॉलेजात शिकलेल्या अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी १९७०च्या दशकात दिलं होतं. स्थलांतरित तज्ज्ञांच्या परदेशातल्या उत्पन्नावर काही वर्षं जादा कर बसवायचा आणि तो विकसनशील देशांच्या विकासाला द्यायचा. जगभर त्यावर चर्चा झाली, अंमल झाला नाही. भगवतींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो, त्यांनी बोट चुकीच्या वाटेकऱ्याकडे दाखवलं. कर मुलीवर का? तिनं घर सोडलं, परक्या भाषेत परीक्षा दिली, थंडीत रात्रपाळ्या केल्या. वीस-बावीस वर्षांचा खर्च कुणाचा वाचला? तिच्या जन्मापासूनच्या लसी, शाळा, कॉलेज यांतलं काहीही न भरता पहिल्या दिवसापासून कर भरणारा कर्ता माणूस कुणाला मिळाला? त्या देशाला आणि त्या मालकाला. बिल त्यांच्या नावानं निघालं पाहिजे.

आणि हे स्वप्नरंजन नाही. केरळनं नोर्का रूट्स या आपल्या सरकारी संस्थेमार्फत डिसेंबर २०२१मध्ये जर्मन सरकारी यंत्रणांशी नर्सेसच्या भरतीचा करार केला. त्यात भाषाशिक्षणाचा, परीक्षेचा, प्रवासाचा खर्च मालकाकडे आहे, मुलीकडून एक पैसा घ्यायचा नाही. त्याच वेळी आपल्याकडचे किती एजंट किती लाख घेतात, ते या सभागृहातल्या पालकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. केंद्राच्या नियमानं नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. कृपा करून हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्सपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हरपर्यंत कुशल माणसं तिकडे पाठवायची. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८पासूनची भगिनी शहरं. नातं जुनं आहे, म्हणून स्पष्ट बोलायला हरकत नसावी. मी मागेन त्या गोष्टी अशा. मुलगी विमानात बसण्याआधी तिच्या प्रमाणपत्राला तिकडे मान्यता मिळण्याचं काम जास्तीत जास्त इथेच उरकावं, नाहीतर पूर्ण शिकलेली नर्स महिनोन्‌महिने मदतनिसाच्या पगारावर राबते. तिला मालक बदलता यावा आणि बदलला म्हणून तिच्याकडून भाषाशिक्षणाचे पैसे वसूल केले जाऊ नयेत. तिनं भरलेला विमा आणि पेन्शन तिच्या मागे कोल्हापूरपर्यंत यावी. आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलीमागे तिकडच्या मालकानं इथल्या एका नर्सिंग कॉलेजातली जागा चालवायचा खर्च द्यावा, म्हणजे एक गेली तर दुसरी तयार होईल. क्लेमेन्स यांनी सुचवलेल्या कौशल्य-भागीदारीचं सूत्र हेच आहे: प्रशिक्षण मूळ देशात, खर्च घेणाऱ्याचा, शिकलेल्यांपैकी काही जातील, काही राहतील.

तैवानचं उदाहरण इथे कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून टाकतो. त्यांनी १९८०मध्ये सिंचू इथे विज्ञान उद्यान उभारलं, आणि १९८५मध्ये अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या मॉरिस चांग यांना बोलावून औद्योगिक संशोधन संस्था त्यांच्या हाती दिली. १९८७मध्ये त्यातून टीएसएमसी निघाली, जी आज जगासाठी चिप बनवते. चांग जन्मानं तैवानचे नव्हते, चीनच्या निंगबो शहरातले. तैवाननं परतीचं गाणं गायलं नाही, काम तयार ठेवलं. आपली नर्स पाच-सात वर्षांनी अतिदक्षता विभागाचा अनुभव घेऊन परत यायचं म्हणाली, तर आपल्या जिल्हा रुग्णालयात तिच्या अनुभवाला धरून वरच्या पदावर थेट घेण्याची तरतूद हवी. नर्सिंग कॉलेजांत शिकवणारे कमी पडतात, तिथेही तिला जागा हवी.

शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे. परदेशी पाठवण्याच्या प्रत्येक सरकारी योजनेचे आकडे शासनानं दर सहा महिन्यांनी जाहीर करावेत: कितींनी भाषेचा वर्ग सुरू केला, किती पास झाले, किती प्रत्यक्ष गेले, पगार किती ठरला होता आणि हातात किती पडला, वर्षभरात मालक कितींनी बदलला, परत किती आले आणि का. करारावर सह्या झाल्याचे फोटो आपण पाहिले आहेत. हे आकडे विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात तुमच्या आमदाराला विचारायला लावा. सदस्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे आणि खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.